ऊर्जानिर्मिती, प्रदूषण-मापनाचे जाळे आणि बालकांचे आरोग्य : चंद्रपूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ऊर्जानिर्मितीतून उद्भवणाऱ्या धोक्यांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने उद्योगाच्या परवान्याच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या मोबदल्याच्या अंगाने झालेला आहे. या धोक्यांच्या छायेत वाढणारे मूल हा त्या विचारातील स्वतंत्र घटक क्वचितच ठरला. वस्तुतः दगडी कोळसा जाळून वीज तयार होते तेथे सर्वाधिक काळ श्वास घेण्याचे प्राक्तन त्या मुलाचेच असते. कामगाराची बदली होते, अधिकाऱ्याची तर होतेच. तेथे जन्मलेले मूल मात्र फुप्फुसांच्या वाढीची सगळी वर्षे त्याच हवेत काढते. या मुलाच्या रक्षणासाठी शासनाजवळ असलेले प्रमुख साधन म्हणजे हवेच्या गुणवत्तेचे मापन करणारे प्रादेशिक जाळे होय. हे जाळे काय मोजते, कोठे मोजते आणि त्या मोजमापाचे पुढे काय होते, याची चिकित्सा चंद्रपूरच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चंद्रपूरची निवड सकारण आहे. शहराला लागून असलेले दुर्गापूर-ऊर्जानगर येथील महानिर्मितीचे औष्णिक विद्युत केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. २०१६ मध्ये प्रत्येकी ५०० मेगावॅटचे आठवे व नववे संच कार्यान्वित झाले आणि पहिले दोन जुने संच निवृत्त झाल्यानंतर केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट झाली. भोवताली वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणी, घुग्घुस व गडचांदूर पट्ट्यातील सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागदगिरणी आणि या सर्वांना जोडणारी कोळशाच्या ट्रकांची अखंड रांग. ऊर्जेशी निगडित धोका एका चिमणीतून येत नाही, तो खाणीपासून राखेच्या बंधाऱ्यापर्यंत पसरलेला असतो, हे येथे नकाशा न उघडताही कळते.

जाळ्याची घडण

देशपातळीवरील हवा-गुणवत्ता मापनाचा कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. त्याच्या नियमानुसार मानवचलित केंद्रावर आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास नमुने घेतले जातात. वर्षाकाठी १०४ निरीक्षणे अपेक्षित असतात. म्हणजेच वर्षातील २६१ दिवसांची हवा या पद्धतीत मोजलीच जात नाही. दीर्घकालीन कल समजण्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे, हे मान्य करावयास हवे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात फारसे वावगे नाही. परंतु दम्याचा त्रास असलेल्या मुलाला कल नव्हे तर दिवस सोसावा लागतो. हिवाळ्यातील निवांत वाऱ्याच्या रात्री, तापमानाच्या विपरीततेमुळे जमिनीलगत कोंडलेली हवा आठवड्यातील कोणत्या वारी येईल हे वेळापत्रक ठरवू शकत नाही.

या उणिवेवर उपाय म्हणून अखंड मापन करणारी स्वयंचलित केंद्रे आली. चंद्रपूर शहरात आणि खुटाळा औद्योगिक वसाहतीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अशी केंद्रे आहेत. ही निःसंशय प्रगती होय. तरीही केंद्रांच्या जागांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. मापनाच्या जागा कार्यालयाचे आवार, औद्योगिक वसाहत, ग्रामपंचायतीची इमारत अशा आहेत. वीज, सुरक्षितता आणि देखभाल करणारा माणूस मिळेल अशी ती ठिकाणे असतात. जागा निवडण्यामागे व्यवस्थापनाची सोय आहे, हे उघड आहे; आणि सोय हा काही अपराध नव्हे. शाळा, अंगणवाडी किंवा खेळाचे मैदान मात्र या निवडीचा निकष कधी ठरले नाही.

उंचीचा प्रश्नही किरकोळ समजला जातो. नमुना घेणाऱ्या नळीचे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावे असा दंडक आहे. पहिलीतल्या मुलाचे नाक जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर असते. दूरच्या चिमणीतून येणाऱ्या आणि हवेत एकजीव झालेल्या वायूंच्या बाबतीत या अंतराने विशेष फरक पडणार नाही. रस्त्यावरील कोळशाची भुकटी, ट्रकच्या चाकाखालून उडणारी राख यांच्या बाबतीत मात्र तो पडतो, आणि चंद्रपुरात हाच धुरळा रोजच्या अनुभवाचा आहे. दंडक सदोष आहे असे येथे म्हणावयाचे नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी केला गेला तो प्रश्न शहराच्या सर्वसाधारण हवेचा होता, शाळेच्या वाटेवरील हवेचा नव्हता, एवढेच नोंदवावयाचे आहे.

निर्देशांकाचे यश आणि त्याची मर्यादा

या जाळ्याने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांचा सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात ७० हून अधिक गुण मिळालेले ४३ समूह ‘अतिप्रदूषित’ ठरले आणि ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे आले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढीच नावे त्याच्या वर होती. जानेवारी २०१० मध्ये अशा समूहांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीवर स्थगिती आली. मोजमापाच्या एका आकड्याने प्रशासनाला हालचाल करावयास लावल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. पुढे ही स्थगिती टप्प्याटप्प्याने उठवली गेली, हा इतिहासही ज्ञात आहे.

तथापि या निर्देशांकाच्या अंतरंगात डोकावल्यास आपल्या विषयाच्या दृष्टीने गंभीर अडचण दिसते. २०१६ मध्ये सुधारित केलेल्या पद्धतीत एकूण १०० गुणांपैकी मानवी आरोग्यावरील परिणामांना केवळ १० गुण आहेत. हे गुण परिसरातील काही प्रमुख रुग्णालयांच्या नोंदींवरून, विशिष्ट आजारांच्या रुग्णसंख्येत झालेल्या वाढीच्या टक्केवारीवर दिले जातात. येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. गुण वाढीला आहेत, प्रमाणाला नाहीत. ज्या गावात श्वसनविकार आधीच विपुल आहेत आणि वर्षानुवर्षे तेवढेच विपुल राहतात, त्या गावाला या घटकाखाली काहीच गुण मिळणार नाहीत. जुना आजार हा निर्देशांकाच्या दृष्टीने आजारच नव्हे! शिवाय मोठ्या रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेलाच रुग्ण या गणतीत येतो. खोकणारे मूल गावातील डॉक्टरकडून औषध घेऊन दुसऱ्या दिवशी शाळेत जाते; त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. बालकांचा वेगळा वयोगट करणे तर दूरच राहिले.

सरासरीचे राजकारण

मापनाच्या जाळ्याची कसोटी त्याने किती आकडे गोळा केले यावर नव्हे, तर ते आकडे कोणत्या निर्णयात वापरले गेले यावर लागते. या दृष्टीने गंधकाच्या डायऑक्साइडचे (एसओटू) प्रकरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र शासनाने कोळशावरील वीजकेंद्रांसाठी नवी उत्सर्जन-मानके अधिसूचित केली. धूलिकणांबरोबरच एसओटू, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांनाही प्रथमच देशव्यापी मर्यादा लागू झाल्या. एसओटू रोखण्यासाठी चिमणीच्या आधी धुरातून गंधक काढून घेणारी यंत्रणा, जिला एफजीडी या आद्याक्षरांनी ओळखले जाते, बसविणे ओघाने आले. मूळ मुदत डिसेंबर २०१७ ची होती. ती पुनःपुन्हा वाढविण्यात आली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे तीन गट पाडण्यात आले : दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून अथवा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून १० किलोमीटरच्या आत असलेली केंद्रे अ गटात, अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा हवेची मानके न गाठणारी शहरे यांच्या तेवढ्याच परिघातील ब गटात, आणि उरलेली क गटात. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने क गटाला एसओटूच्या मानकातून सूट दिली, तर ब गटाचा निर्णय तज्ज्ञ समितीने प्रकरणनिहाय घ्यावा असे ठरविले. क गटातील केंद्रांची संख्या सर्वाधिक असल्याने देशातील बहुसंख्य संच या बंधनातून मोकळे झाले.

या सवलतीच्या समर्थनार्थ पुढे आलेला एक प्रमुख युक्तिवाद असा की, देशातील बहुतेक मापन केंद्रांवर हवेतील एसओटूचे प्रमाण विहित मर्यादेच्या बरेच आत आहे. विधान वस्तुस्थितीला धरूनच आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार एसओटूची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे आणि बहुसंख्य शहरांतील नोंदी तिच्या खूप खाली असतात. प्रश्न आहे तो त्यातून काढलेल्या निष्कर्षाचा. ५०० मेगावॅट आणि त्यावरील संचांसाठी २७५ मीटर उंचीची चिमणी बांधण्यात आली ती मुळातच धूर जवळपास उतरू नये म्हणून. तेव्हा जवळच्या मापन केंद्रावर एसओटू कमी आढळणे हे चिमणीच्या उंचीचे यश आहे. वायू नाहीसा झाल्याचा तो पुरावा नव्हे. वाऱ्याबरोबर जाताना या वायूचे सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते आणि ते कण शेकडो किलोमीटरपर्यंत पीएम २.५ मध्ये मिसळतात. मापन केंद्र पीएम २.५ चे एकूण वजन सांगते, त्यातील सल्फेटचा वाटा नित्यनेमाने सांगत नाही. म्हणजे जो पदार्थ मुलाच्या फुप्फुसात जातो तो जाळ्यात अनामिक राहतो आणि जो जाळ्यात सापडत नाही त्याच्या अनुपस्थितीवरून सवलत सिद्ध होते.

मानकांविषयीही एक नोंद आवश्यक आहे. आपले पीएम २.५ चे वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेले मूल्य ५ आहे. दोहोंतील अंतर आठपट आहे. मर्यादेच्या आत असणे आणि सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना समजावताना प्रत्येक पर्यावरणशास्त्राच्या अध्यापकाची तारांबळ उडते. प्रकल्पवहीत मुले निर्देशांकाचा हिरवा रंग मोठ्या हौसेने भरतात, हा अनुभव बहुतेकांना असेल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात चंद्रपूरचा समावेश आहे. परंतु त्यातील शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर जोखली गेली. रस्ते झाडणे आणि पाणी शिंपडणे यांनी पीएम १० कमी होतो. चिमणीवर त्याचा परिणाम होत नाही.

बालक मोजले गेले तेव्हा

मुलांना केंद्रस्थानी ठेवून मापन करता येते काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दक्षिण कॅलिफोर्नियातील बाल-आरोग्य अभ्यासाने दिलेले आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झालेल्या या अभ्यासासाठी बारा वस्त्या निवडण्यात आल्या, हवेच्या मापनाची व्यवस्था त्या वस्त्यांसाठी करण्यात आली आणि तेथील शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची क्षमता दरवर्षी शाळेत जाऊन तपासण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, अठराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी असलेल्या मुलांचे प्रमाण सूक्ष्म कणांचे प्रदूषण सर्वाधिक असलेल्या वस्तीत ७.९ टक्के, तर सर्वांत कमी असलेल्या वस्तीत १.६ टक्के असल्याचे आढळले. पुढे त्या प्रदेशातील हवा सुधारली. तेव्हा त्याच वस्त्यांपैकी पाच ठिकाणच्या नंतरच्या पिढीतील मुलांची तुलना झाली आणि पंधराव्या वर्षी अशी क्षीण क्षमता असणाऱ्यांचे प्रमाण ७.९ वरून ३.६ टक्क्यांवर आल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. हवा आणि मूल एकाच नोंदवहीत आल्याखेरीज असे विधान करणे कोणालाही शक्य झाले नसते.

आपल्याकडे असा प्रयत्न अगदीच झाला नाही असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील ३६ शाळांमधील अकरा हजारांहून अधिक मुलांची तपासणी केली होती. फुप्फुसांची क्षमता घटलेल्या मुलांचे प्रमाण दिल्लीत ४३.५ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण भागात २५.७ टक्के आढळले. हा अहवाल २०१२ मध्ये प्रकाशित झाला. प्रत्यक्ष तपासणी त्याच्या कितीतरी वर्षे आधीची होती. तपासलेली मुले तोवर शाळा सोडून गेली होती. अभ्यास एकदाच झाला आणि संपला. त्याचे जाळे झाले नाही. कोळसा-पट्ट्यांसाठी अशी नियमित व्यवस्था उभी राहिली नाही.

उलट टोकाचा धडा जपानमधील फुकुशिमाचा आहे. तो अणुऊर्जेचा असला तरी मापनाच्या तत्त्वासाठी येथे उपयुक्त आहे. ११ मार्च २०११ च्या अपघातानंतर किरणोत्सर्गी ढग कोणत्या दिशेने जाईल याचा संगणकीय अंदाज देणारी व्यवस्था त्या देशाजवळ होती. तिचे निष्कर्ष स्थानिक नगरपालिकांपर्यंत वेळेवर पोहोचले नाहीत आणि नामिए येथील काही लोक ढगाच्याच दिशेने आश्रयाला गेले. मापन होते, संरक्षण नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मात्र अपघातसमयी अठरा वर्षांपर्यंत वय असलेल्या सुमारे साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या गलग्रंथीची सोनोग्राफी सुरू झाली. पहिल्या फेरीतच शंभराहून अधिक मुलांमध्ये कर्करोग वा त्याचा संशय निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने पुढे असे मत दिले की, या वाढीचे कारण किरणोत्सर्गापेक्षा अतिसंवेदनशील तपासणी हे असण्याची शक्यता अधिक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये अशा सरसकट तपासणीची शिफारस केली नाही. कधीही त्रास न देणारी गाठ शोधून मुलाच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करणे हेही एक नुकसानच आहे. म्हणून ‘अधिक मापन म्हणजे अधिक संरक्षण’ हे समीकरण प्रस्तुत लेखकास मान्य नाही. जे कळल्यावर काही करता येईल तेच मुलाच्या बाबतीत मोजावे.

दोन वह्यांची गाठ

हा निकष चंद्रपूरला लावल्यास फार मोठ्या खर्चाची नवी यंत्रणा उभारण्याची गरज दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे, सुरू झाला. देशातील पहिले अणुवीज केंद्र असलेले तारापूर त्याच पालघर तालुक्यात आहे, हा योगायोगच म्हणावा लागेल. या कार्यक्रमाची फिरती पथके शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा जाऊन तपासणी करतात. तपासावयाच्या सुमारे तीस स्थितींच्या यादीत दम्यासारख्या श्वासनलिकांच्या विकाराचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे शाळानिहाय, वयनिहाय नोंद करणारा माणूस गावात येऊन जातो. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक आहे आणि त्यावरून शाळेचे स्थान निश्चित करता येते. हवेची नोंद प्रदूषण मंडळाच्या वहीत, मुलाची नोंद आरोग्य विभागाच्या वहीत. या दोन वह्या एकमेकींसमोर उघडल्या जात नाहीत. २०१९ नंतर हवामानबदल व आरोग्यविषयक राष्ट्रीय कार्यक्रमाखाली निवडक रुग्णालयांत तीव्र श्वसनविकारांची नोंद सुरू झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु ती तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाची नोंद आहे. फुप्फुसांची मंदावलेली वाढ कोणालाही मध्यरात्री रुग्णालयात नेत नाही.

या पथकाच्या पेटीत एक साधे पीक फ्लो मीटर असावे, दुर्गापूर, ऊर्जानगर, घुग्घुस यांसारख्या ठिकाणच्या काही शाळांच्या आवारात मापनयंत्रे असावीत आणि तुलनेसाठी चिमण्यांपासून दूरच्या, उदाहरणार्थ पूर्वेकडील एखाद्या तालुक्यातील शाळा निवडाव्यात, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. दूरच्या शाळांतही चुलीचा धूर असणार, हा आक्षेप रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. उरलेल्यांच्या घरातील हवा कोणतेही मापन केंद्र पाहत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी घरी कोणते इंधन वापरले जाते हा एक प्रश्न मुलाला विचारावाच लागेल. गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील भूगोल, प्राणिशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र विभागांनी हे काम अंगावर घेण्याजोगे आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी विषय मिळत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो.

वेळ मात्र फार नाही. चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रात मोडते आणि मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीतही आहे. त्यामुळे निकषांनुसार तेथील वीजकेंद्र ब गटात येते आणि त्याच्या एसओटू-नियंत्रणाचा निर्णय प्रकरणनिहाय होणार आहे. या प्रकरणाच्या फाईलमध्ये मापन केंद्रांवरील एसओटूची वार्षिक सरासरी असेल, एफजीडीच्या खर्चाचा तक्ता असेल, प्रति युनिट दरवाढीचे गणित असेल. दुर्गापूरच्या शाळेतील चौथीच्या मुलाची फुप्फुसे कितपत फुगतात, याचे एकही पान आजमितीस तिला जोडता येणार नाही.